फाटकाआडची सुरक्षितता

"आमच्या पश्चात याचे कोण?" हा प्रश्न ज्या घरांत बहुधा रात्री दिवे मालवल्यानंतरच उच्चारला जातो, आणि उच्चारला गेला तरी ज्याला उत्तर मिळत नाही, अशा घरांतील दीड-दोनशे माणसे एका सभागृहात जमलेली असताना कोणी व्यासपीठावरून जाहीर केले की शहरापासून चाळीस किलोमीटरांवर बारा एकर जमीन मिळाली आहे, तीवर दोनशे खाटांचे कायमस्वरूपी निवासी संकुल उभे राहणार आहे, तेथे चोवीस तास परिचारिका, सात्त्विक आहार, उंच कुंपण आणि प्रत्येक दालनात कॅमेरा असणार आहे, तर ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले यात नवल नाही. गेल्या पावसाळ्यात मी अशाच एका सभेत बसलो होतो. बोलणारे विश्वस्त वयाने आणि अनुभवाने माझ्याहून पुष्कळ वडील. त्यांनी आपल्या मुलीसाठी चाळीस वर्षे खस्ता खाल्ल्या आहेत आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेणे मला पाप वाटते. तरीही त्यांनी त्या दिवशी जो युक्तिवाद मांडला आणि पुढे पत्रकरूपाने घरोघर धाडला, तो मला मुळापासून चुकीचा वाटतो. आणि ज्यांच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल त्या युक्तिवादावर लागावयाचा आहे, त्यांचे मत त्या सभेत कोणी विचारलेच नसल्यामुळे, त्याचा प्रतिवाद लेखी नोंदवणे मला अगत्याचे वाटते.

त्यांचे म्हणणे प्रथम शक्य तितक्या प्रामाणिकपणे सांगतो. समाज निर्दय आहे, भावंडे आपापल्या संसारात गुरफटलेली असतात, शेजारी टवाळी करतात. म्हणून बौद्धिक अक्षमता असलेल्या किंवा स्वमग्न व्यक्तीला सुरक्षित राखावयाचे असेल तर तिला वस्तीपासून दूर, तिच्यासारख्याच माणसांच्या सहवासात, मोठ्या आणि भक्कम संस्थेच्या छत्राखाली ठेवणे हाच राजमार्ग होय. निवासी संस्थांतून अधूनमधून जे अत्याचार उघडकीस येतात ते दुष्ट व्यक्तींचे अपराध असतात, त्यांचा दोष पद्धतीला लावता येत नाही. कडक तपासणी आणि कॅमेरे यांनी त्यांचा बंदोबस्त होऊ शकतो. या मुलांना (पन्नाशीच्या पुरुषालाही ते मूलच म्हणतात) अन्न, स्वच्छता, औषध आणि प्रेमाचा शब्द मिळाला की त्यांची गरज भागते. घर आणि संस्था यांतील भेद त्यांना उमगत नाही. आणि पाच-पाच माणसांच्या छोट्या घरांची कल्पना ही श्रीमंत देशांची चैन असून ती आपल्याला परवडणारी नाही.

अत्याचारांचा मुद्दा आधी घेतो, कारण त्याविषयी पुराव्यानिशी बोलता येते. इंग्लंडात ब्रिस्टल शहराबाहेर हॅम्ब्रुक येथे विंटरबोर्न व्ह्यू नावाचे एक खासगी रुग्णालय होते. खाटा अवघ्या २४. बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि स्वमग्न प्रौढांना तेथे सरकारी खजिन्यातून माणशी आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड मोजून ठेवले जाई. म्हणजे दारिद्र्य, अपुरी जागा, मनुष्यबळाचा दुष्काळ अशी जी कारणे आपण आपल्याकडील संस्थांच्या दुरवस्थेसाठी सांगतो, त्यांपैकी एकही तेथे लागू पडत नव्हते. ३१ मे २०११ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरमा' या कार्यक्रमाने त्या इमारतीच्या आतले चित्रण दाखवले. त्यांचा एक वार्ताहर तेथे काळजीवाहक म्हणून नोकरीस राहिला होता आणि पाच आठवडे छुप्या कॅमेऱ्याने त्याने जे टिपले, त्यात माणसांना खुर्चीखाली दाबून धरले जात होते, अंगावरच्या कपड्यांसकट फवाऱ्याखाली उभे केले जात होते, चापट्या मारल्या जात होत्या, आणि हे सर्व चालू असताना करणारे हसत होते. पुढे ११ कर्मचाऱ्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांपैकी सहा जणांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

येथवरचा वृत्तान्त विश्वस्तांच्या म्हणण्याला पोषकच वाटेल, कारण दुष्ट माणसे सापडली, त्यांना शासन झाले आणि रुग्णालयालाही कुलूप लागले. परंतु मार्गारेट फ्लिन यांनी त्या प्रकरणाची चौकशी करून ऑगस्ट २०१२ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, तो वाचल्यावर हा निष्कर्ष टिकत नाही. एकट्या २०१० या वर्षात तेथे माणसांना बळाने जखडून धरल्याच्या ३७९ नोंदी होत्या आणि त्या रुग्णालयानेच आपल्या वहीत केलेल्या होत्या. स्थानिक परिषदेकडे गैरवर्तणुकीच्या संशयाच्या ४० सूचना आल्या होत्या. पोलिसांच्या दप्तरी २९ प्रसंगांची नोंद होती. जखमी होऊन जवळच्या रुग्णालयात दाखल झालेल्यांचे कागद त्या रुग्णालयाकडे वेगळेच पडून होते. तेथे काम केलेल्या एका ज्येष्ठ परिचारकाने व्यवस्थापनाकडे तक्रार केली, तिची दाद लागली नाही म्हणून देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाकडे अर्ज केला, तेथेही तो अर्ज तसाच राहिला, तेव्हा त्याला बीबीसीचे दार ठोठावावे लागले. म्हणजे बाहेर कोणाला काही ठाऊक नव्हते अशी स्थिती नव्हती. ज्याला त्याला आपापल्या दप्तरापुरते ठाऊक होते, आणि या साऱ्या दप्तरांतील कागद एकत्र ठेवून वाचील असा कोणी माणूस, म्हणजे रोज संध्याकाळी येऊन "आज हाताला हे काय झाले?" असे विचारील असा कोणी आपला माणूस, त्या इमारतीत राहणाऱ्यांपाशी उरला नव्हता.

तो का उरला नव्हता, याचे उत्तरही त्याच कागदपत्रांत आहे. अनेकांना त्यांच्या घरापासून दूरच्या परगण्यांतून तेथे आणले गेले होते. आणि जे नातेवाईक एवढ्या लांबून भेटीस येत, त्यांना वरच्या मजल्यावर, जेथे माणसे प्रत्यक्ष राहात होती तेथे, जाण्याची मुभा नव्हती. भेटीची जागा निराळी होती. वाचकांनी ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण मला तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे. अकरा क्रूर माणसे योगायोगाने एकाच छपराखाली जमली असे मानण्यास माझी बुद्धी धजत नाही. ज्या ठिकाणी एका बाजूला सर्व सत्ता आणि दुसऱ्या बाजूला सर्व परवशता, आणि मध्ये पाहणारे कोणी नाही, अशी रचना आपण विटामातीने आणि नियमावलीने उभी करतो, त्या ठिकाणी साधारण माणूस महिन्या-दोन महिन्यांत काय होऊन जातो, हे तेथे दिसले.

आता तपासणीविषयी. विंटरबोर्न व्ह्यूनंतर ब्रिटिश सरकारने डिसेंबर २०१२ मध्ये वचन दिले की रुग्णालयांत विनाकारण अडकवलेल्या अशा सर्व व्यक्तींना १ जून २०१४ पर्यंत आपापल्या वस्तीत राहावयास आणले जाईल. मुदत उलटली. ऑक्टोबर २०१५ मध्ये नवी योजना आली आणि मार्च २०१९ पर्यंत या खाटा निदान एक-तृतीयांशाहून अधिक कमी करण्याचे ठरले; तीही मुदत उलटली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मे २०१९ मध्ये, त्याच 'पॅनोरमा'ने डरहॅम परगण्यातील व्होर्लटन हॉल या रुग्णालयात पुन्हा छुपा कॅमेरा नेला आणि पुन्हा तसलेच चित्र देशापुढे ठेवले. या रुग्णालयाला देखरेख आयोगाने २०१७ मध्ये 'चांगले' असा शेरा दिला होता. त्याच्याही आधी, २०१५ मध्ये, आयोगाच्याच एका तपासनिसाने तेथील कारभाराविषयी प्रतिकूल अहवाल लिहिला होता, आणि तो प्रसिद्धच केला गेला नव्हता. अत्याचार बाहेर येण्यापूर्वीच्या वर्षभरात निरनिराळ्या सरकारी यंत्रणांची माणसे शंभरच्या आसपास वेळा त्या दाराशी येऊन गेली होती, असे बीबीसीने सांगितले. २०२३ मध्ये चार जण दोषी ठरले, पाच निर्दोष सुटले. आमच्या विश्वस्तांच्या संकुलाची वर्षातून चार वेळा तपासणी होणार आहे आणि ती त्यांना भरवशाची वाटते. शंभर भेटींतून जे दिसले नाही ते चार भेटींतून कसे दिसणार, याचा खुलासा त्यांनी करावयास हवा होता. तपासनीस येतो तेव्हा नोंदवही पाहतो, अग्निशामक नळकांडी पाहतो, औषधांच्या कपाटाची किल्ली पाहतो. तो रात्री अकरा वाजता येत नाही, आणि बोलता न येणाऱ्या स्वमग्न माणसाने गेल्या आठवड्यापासून जेवणाच्या खोलीत पाऊल टाकण्याचे का सोडले आहे, हे ओळखण्याइतका तो त्या माणसाला ओळखत नाही.

कॅमेऱ्याचीही तीच गत आहे. ज्या ठिकाणी माणूस सर्वांत असहाय असतो, म्हणजे न्हाणीघरात, शौचालयात, कपडे बदलताना, तेथे कॅमेरा लावणे हाच अत्याचार ठरेल. आणि जेथे तो लावता येतो तेथील चित्रण संस्थेच्या कचेरीतच राहते, संस्थेचेच नोकर ते पाहतात. विंटरबोर्न व्ह्यूचे जे चित्रण जगापुढे आले ते बाहेरच्या माणसाने आणलेल्या कॅमेऱ्याचे होते, हे विसरता कामा नये.

हे इंग्लंडात घडले, आपल्याकडे सेवेची परंपरा आहे, असे त्या सभेत एका गृहस्थांनी कळवळून सांगितले. मी त्यांना शिरूरची आठवण करून देतो. पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय वसतिगृहात राहणाऱ्या मतिमंद मुलींना फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढण्यात आली. प्रकरण वर्तमानपत्रांत आले, स्त्री-संघटनांनी व डॉक्टरांपैकीच काहींनी तीव्र विरोध केला आणि राहिलेल्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. समर्थनार्थ कारणे दोन सांगितली गेली: मासिक पाळीच्या काळात या मुलींना स्वच्छता राखता येत नाही हे एक, आणि गर्भधारणेचा धोका हे दुसरे. या दुसऱ्या कारणाचा अर्थ कोणी नीट उलगडून पाहावा. ज्या मुली सरकारच्या ताब्यात होत्या, ज्यांच्याभोवती भिंत होती, फाटकावर पहारा होता, हजेरीपट होता, त्यांना गर्भ राहण्याची भीती ज्यांना वाटत होती त्यांनी आपल्या भिंतीची, पहाऱ्याची आणि हजेरीपटाची किंमत स्वतःच्या तोंडाने सांगून टाकली. भिंतीच्या आत अपराध होईल हे त्यांनी गृहीत धरले होते. शस्त्रक्रियेने अपराध टळणार नव्हता, त्याचा पुरावा तेवढा टळणार होता. ही गोष्ट त्या काळी अनेक सज्जनांना, अनेक आईबापांनाही, समंजस व्यवहार वाटली होती, आणि म्हणूनच ती मला, पुढे सांगतो त्या पनवेलच्या प्रकरणाइतकीच, भयंकर वाटते.

पनवेलचेही सांगणे भाग आहे. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहात कुपोषणाने मुले दगावल्याच्या वृत्तावरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आपण होऊन दखल घेतली आणि राज्यातील अशा गृहांच्या पाहणीला चालना मिळाली. पुढच्याच वर्षी पनवेलजवळच्या एका खासगी बालगृहातील मूकबधिर व मतिमंद मुलींवरील लैंगिक अत्याचार उजेडात आले आणि २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने तेथील चालकासह काही जणांना दोषी ठरवले. चंडीगढच्या सरकारी नारीनिकेतनात तर एका मतिमंद तरुणीवर त्या आवारातच बलात्कार होऊन तिला दिवस गेले. प्रशासनाने मागितलेली गर्भपाताची परवानगी उच्च न्यायालयाने दिली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ऑगस्ट २००९ मध्ये त्या न्यायालयाने सांगितले की ती मूल हवे म्हणते आहे, तिच्या संमतीवाचून हे करता येणार नाही. तिला विचारले पाहिजे, एवढी साधी गोष्ट ठरावयास देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावे लागले.

आता मी त्या मुद्द्याकडे वळतो जो मला सर्वांहून अधिक बोचला. या माणसांना घर आणि संस्था यांतला भेद कळत नाही, हा तो मुद्दा. माझा धाकटा भाऊ, आईच्या शेवटच्या आजारपणात दुसरा इलाज नव्हता म्हणून, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापासून तीन वर्षे एका निवासी संस्थेत होता. ती संस्था वाईट नव्हती, हे मी मुद्दाम नमूद करतो. फरशी पुसलेली असे, जेवण वेळेवर मिळे, तेथील मावशी मायाळू होत्या आणि त्याच्यावर कोणी हात उगारल्याची खूण मला कधी आढळली नाही. माझा भाऊ घरी दुपारी साडेचारला चहा पीत असे, बशीत ओतून, दोन्ही हातांनी बशी धरून, आणि बशी रिकामी झाली की ती स्वतः मोरीत नेऊन विसळत असे. त्या विसळण्यात त्याची दहा मिनिटे जात आणि त्या दहा मिनिटांत त्याला कोणी हाक मारलेली चालत नसे. संस्थेत चहा तीन वाजता येई, प्लास्टिकच्या पेल्यातून, दूध-साखर घालून तयार, आणि पेले गोळा करणारा पाच मिनिटांनी येई. साठ जणांच्या चहाला दुसरी पद्धत नाही, हे मला मान्य आहे. कपडे सर्वांचे एकत्र धुतले जात, आणि इस्त्री होऊन परत येत तेव्हा जो ज्याच्या अंगाला बसेल तो त्याचा. दिवे साडेसातला मालवत, कारण पाळी आठला बदलत असे.

तीन वर्षांनी मी त्याला घरी आणले. पहिले कित्येक आठवडे तो न्हाणीघराच्या उंबऱ्याशी उभा राहात असे, आत जात नसे. मला उलगडा होईना. मग ध्यानात आले की तो आपला क्रमांक येण्याची वाट पाहात होता. बशी हातात दिली तर ती त्याने घाईघाईने रिकामी केली आणि पुढे धरली, कोणीतरी ती घ्यावी म्हणून. विसळावयास तो गेला नाही. ज्याला भेद कळत नाही असे म्हणतात, त्याने आपले अवघे वर्तन त्या भेदाबरहुकूम बदलून घेतले होते. शब्द नव्हते म्हणून त्याने ती गोष्ट सर्वांगाने सांगितली, आणि ती ऐकावयास मला, त्याच्या सख्ख्या भावाला, इतके आठवडे लागले.

स्वीडनच्या बेंग्ट निरये यांनी १९६९ साली जे तत्त्व मांडले, आणि ज्यावर पुढे उत्तर युरोपातील संस्था एकेक करून बंद झाल्या, ते तत्त्वही याहून गहन नाही: अशा माणसाचा दिवस, आठवडा आणि वर्ष इतरांच्यासारखे असावे. उठण्याची वेळ, कामाची जागा आणि राहण्याची जागा निरनिराळी असणे, सणावाराला घर बदलल्यासारखे वाटणे, आपल्या आवडीला मान मिळणे, स्त्री-पुरुषांनी एका जगात वावरणे. स्वीडनने १९९७ मध्ये कायदा करून उरलेल्या संस्थांना १९९९ अखेरची मुदत घालून दिली. विश्वस्त ज्याला गुणवत्ता म्हणतात, ती खाटांच्या, परिचारिकांच्या आणि उष्मांकांच्या संख्येत मोजता येते. निवासाची खरी गुणवत्ता मात्र, राहणाऱ्याला आज काय नको म्हणता आले आणि ते नको कोणी मानले, यावर ठरते, आणि या कसोटीला दोनशे खाटांचे संकुल, त्यातील प्रत्येक माणूस संत असला तरीही, उतरू शकत नाही, कारण दोनशे माणसांची 'नको' ऐकली तर त्याचे स्वयंपाकघर दुपारपर्यंतही चालणार नाही.

येथे कोणी वझ्झरचे उदाहरण देईल आणि देणे योग्यही आहे. अमरावती जिल्ह्यात शंकरबाबा पापळकर यांनी ज्या अनाथ, अपंग, मतिमंद मुलांना रस्त्यांवरून, स्थानकांवरून आणून वाढवले, त्यांना वडील म्हणून स्वतःचे नाव लावले, आणि अठरा वर्षे पुरी झाल्यावर अशा मुलांना संस्थेबाहेर काढणाऱ्या कायद्याशी वर्षानुवर्षे भांडण मांडले; २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मी त्या कार्यापुढे नतमस्तक आहे. पण ज्यांना जगात कोणीही नव्हते त्यांना तेथे कोणीतरी मिळाले; आमच्या संकुलात उलटा प्रवास आहे, ज्यांना गल्ली आहे, वाणी आहे, भावजय आहे, देवळाचा पुजारी आहे, त्यांना त्या सर्वांपासून तोडून चाळीस किलोमीटर लांब नेण्याचा. आणि वझ्झरचे श्रेय कुंपणाला कोणी दिलेले नाही. ते नाव देणाऱ्या माणसाला आहे. प्रत्येक तालुक्याला असा माणूस मिळेल या हिशोबावर राज्याची व्यवस्था बांधता येत नाही. शिवाय 'सेवा' या शब्दाचे एक ओझेही असते, ते आईबापांना ठाऊक आहे. जेथे सेवा चालते तेथे तक्रार करणारा कृतघ्न ठरतो. संस्थेतल्या त्या तीन वर्षांत भावाच्या अंगावर परक्याचा सदरा पाहूनही मी कधी बोललो नाही, कारण मला वाटे, इतकी चांगली माणसे, त्यांना काय म्हणून दुखवावे.

खर्चाविषयी फार बोलण्याचे कारण नाही. बारा एकर जमीन, कुंपण, पहारेकरी, रुग्णवाहिका, जनित्र, मोठे स्वयंपाकघर आणि दर वर्षी त्या इमारतीची डागडुजी हा खर्च ज्यांना परवडतो, त्यांना चार माणसांसाठी वस्तीतले तीन खोल्यांचे भाड्याचे घर आणि पाळीपाळीने राहणारे दोन-तीन काळजीवाहक परवडत नाहीत असे म्हणणे हिशोबाला धरून नाही. विंटरबोर्न व्ह्यूच्या आठवड्याच्या ३,५०० पौंडांनी ते स्थळ घर झाले नाही, एवढेच पुन्हा सांगतो.

परंतु छोट्या घराचा जप केला की काम झाले असेही मी म्हणत नाही, आणि आमच्या बाजूच्या काही उत्साही मंडळींना हे आवडणार नाही. इंग्लंडचे जिम मॅन्सेल यांनी या विषयाच्या अभ्यासात आयुष्य घालवले; छोटी छोटी घरेसुद्धा एकमेकांहून फार भिन्न निघतात, हे त्यांच्या कामाने दाखवून दिले. एखाद्या घरात चारच माणसे राहतात आणि तरी काळजीवाहक त्यांना भिंतीशी बसवून दूरचित्रवाणी लावून स्वयंपाक उरकून घेतो. दुसऱ्या घरात तोच स्वयंपाक तो त्यांच्याबरोबर करतो, एक जण वाटाणे सोलतो, एक नुसता डबा धरून उभा राहतो, आणि जेवण तासभर उशिरा होते. पहिले घर म्हणजे लहान आकाराची संस्थाच. हा फरक काळजीवाहकाच्या शिक्षणावर, पगारावर आणि तो किती वर्षे टिकतो यावर अवलंबून असतो, आणि आपल्याकडे या तिन्ही बाबतींत शरमेची परिस्थिती आहे. विश्वस्तांनी जमवलेल्या निधीपैकी एक रुपयाही काळजीवाहकांच्या शिक्षणासाठी राखून ठेवलेला मला पत्रकात आढळला नाही.

समाज निर्दय आहे, हे म्हणणे मात्र मी अमान्य करीत नाही. माझ्या भावाला आमच्या गल्लीत नावे ठेवली गेली आहेत, दगडही एकदा लागला आहे. पण त्याच गल्लीत, तो संस्थेतून परतला त्या दिवशी, कोपऱ्यावरच्या न्हाव्याने न सांगता त्याची खुर्ची रिकामी केली, कारण त्याला ठाऊक होते की याला थांबावयास लावले तर तो उठून जातो. तीन वर्षांनंतरही त्याने ते लक्षात ठेवले होते. ज्या समाजाच्या दृष्टीआड आपण ही माणसे नेऊन ठेवू, तो समाज आणखी निर्दय होईल, कारण सराव नसलेली माणुसकी लवकर आटते. आणि मग पुढच्या पिढीतल्या आईबापांना कुंपण आणखी उंच करावे लागेल.

कायदाही आता आमच्या बाजूस आहे. विकलांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. त्यातील एकोणिसावे कलम सांगते की कोठे आणि कोणाबरोबर राहावयाचे ते निवडण्याचा हक्क या व्यक्तींना आहे आणि विशिष्ट प्रकारच्या निवासात राहण्याची सक्ती त्यांच्यावर होता कामा नये. २०१६ च्या आपल्या अधिनियमाच्या पाचव्या कलमात तोच आशय आला आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये पालकत्वाचे अर्ज निकालात काढणारी जी स्थानिक समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते, तिच्याकडे आपल्यापैकी किती जण गेले आहेत? आमच्या पश्चात कोण, या प्रश्नाचे एक उत्तर तेथे अर्ज करण्यापासून सुरू होते: भाचा असो, शेजारीण असो, जुनी शिक्षिका असो, जिवंतपणीच नावे ठरवावीत, एकावर विसंबू नये, आणि त्यांचे घरी येणे-जाणे आजपासून असावे.

संकुलाच्या नियमावलीचा मसुदा पत्रकासोबत आला आहे. त्यातील चौदावे कलम असे आहे की पालक व नातेवाईक यांनी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत भेटकक्षातच भेटावे. निवासी विभागात त्यांना प्रवेश असणार नाही, जेणेकरून मुलांची शिस्त बिघडणार नाही. विंटरबोर्न व्ह्यूच्या वरच्या मजल्याविषयी मी जे लिहिले ते या कलमासाठी लिहिले. विश्वस्तांना मी विनंती करतो की येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी हे कलम रद्द करावे. आणि ते रद्द केल्यास संकुल चालवणे अवघड होईल असे त्यांना वाटत असेल, तर संकुलाचाच विचार पुन्हा करावा.

आणखी एक विनंती आहे. त्या दिवशी त्यांची मुलगी पहिल्या रांगेत, वडिलांची ओली छत्री मांडीवर घेऊन, पदर भिजला तरी ती खाली न ठेवता, दोन तास बसली होती. भाषण संपल्यावर तिने छत्री वडिलांच्या हातात दिली आणि त्यांच्या कोपराला धरून जिना उतरवला. त्यांना अलीकडे दिसावयास कमी झाले आहे. तिला कोणी काही विचारले नाही. पुढच्या सभेपूर्वी विश्वस्तांनी तिला त्या बारा एकरांवर घेऊन जावे, तेथे जी काही खोली उभी असेल तिच्यात तिला एक रात्र एकटीला राहू द्यावे, दुसऱ्या दिवशी घरी आणावे, आणि आठवड्याने पुन्हा गाडीत बसवून त्या रस्त्याला लागावे. ती काय सांगते ते त्यांना कळेल. चाळीस वर्षे ते तिचे सांगणे वाचत आले आहेत.